सॅम्पलच्या दिवशीच चालणारा ब्लोअर

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर पॅरिसचा व्हिडिओ आला. सेन नदीत माणसं पोहतायत, काठावर टॉवेल वाळतायत, पोरं उड्या मारतायत. खाली कुणीतरी लिहिलेलं, "तिकडे नियम म्हणजे नियम. आपली माणसंच घाण." त्यावर धडाधड अंगठे. मी लिहिलं की हे इतकं सरळ नाही. मी राहते युरोपात, तर उत्तर आलं, "तिथलंच खातेस आणि तिथल्यांनाच नावं ठेवतेस."

ग्रुपवर भांडले नाही. इथे लिहिते. लांब होईल, पण ज्यांना नदीचं काही पडलंय ते वाचतील, आणि माझ्या मित्रयादीतल्या बहुतेकांना पडलंय हे मला माहीत आहे.

आधी त्या व्हिडिओबद्दल. सेनमध्ये पोहायला १९२३ पासून बंदी होती. लोकांसाठी ती पुन्हा खुली झाली २०२५ च्या उन्हाळ्यात. मधली शंभर वर्षं त्या व्हिडिओत दिसत नाहीत. ऑलिंपिक येणार म्हणून सुमारे १.४ अब्ज युरो खर्च झाले. ऑस्टरलिट्झ स्टेशनजवळ पावसाचं पाणी अडवून ठेवायला जमिनीखाली ५० हजार घनमीटरची टाकी बांधली. एवढं करूनही २०२४ मध्ये पाऊस पडला आणि पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. पॅरिसची माणसं कोल्हापूरच्या माणसांपेक्षा स्वच्छ आहेत म्हणून ती नदी सुधारलेली नाही. तारीख ठरली होती, पैसा आला होता आणि सगळ्या जगाचे कॅमेरे येणार होते, म्हणून सुधारली.

आता मी राहते त्या गावाबद्दल. ब्रसेल्स. युरोपियन कमिशन इथेच बसतं. सगळ्या युरोपला सांडपाण्याचे नियम घालून देणारी माणसं इथल्या ट्रामने ऑफिसला जातात. नियम १९९१ चा आहे. प्रत्येक शहराने आपलं मैलापाणी गोळा करायचं, त्यावर प्रक्रिया करायची, आणि मगच ते नदीत सोडायचं. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप, लिटरला २५ मिलिग्रॅमच्या आत. नाजूक जलक्षेत्रात पाणी सोडणाऱ्या मोठ्या शहरांना मुदत १९९८ अखेरची, इतर मोठ्या शहरांना २००० ची, लहान गावांना २००५ ची. इतका स्पष्ट नियम मी क्वचित वाचलाय.

आणि त्या नियमाच्या गावात काय झालं? ब्रसेल्सच्या नदीलाही फ्रेंचमध्ये सेनच म्हणतात, गोंधळ नको म्हणून मी तिचं फ्लेमिश, म्हणजे इथल्या डच भाषेतलं नाव झेन वापरते. ह्या झेनमध्ये शहराचं मैलापाणी कच्चंच जात होतं. दक्षिणेचं छोटं केंद्र सुरू झालं २००० मध्ये. शहराचा मोठा हिस्सा ज्यावर अवलंबून आहे ते उत्तरेचं केंद्र, ११ लाख लोकसंख्येच्या क्षमतेचं, सुरू झालं २००७ मध्ये. म्हणजे कमिशनच्या साहेबांनी फ्लश केलेलं पाणी वर्षानुवर्षं तसंच नदीत, तिथून शेल्ट नदीत, तिथून समुद्रात. नियम त्यांच्याच टेबलावर होता.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांमुळे कळलं.

बाबा कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत पाणीपुरवठा आणि ड्रेनेज खात्यात होते. शेवटची वर्षं मैलाशुद्धीकरण केंद्रावर. आई-बाबा पहिल्यांदा इथे आले तेव्हा आईची बघायच्या ठिकाणांची यादी तयार होती. बाबांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "अगं, ह्या गावाची नदी कुठाय?" मला सांगता येईना. शोधलं तर कळलं की नदी जमिनीखाली आहे. १८६६ मध्ये कॉलरा झाला, त्यानंतर १८६७ ते १८७१ मध्ये झेनवर कमानी घालून ती झाकली आणि वर रुंद रस्ते केले. तिथूनच आम्ही रोज चालतो. नदी बघायची तर आंडरलेख्ट वेशीजवळ गटारांचं संग्रहालय आहे, तिथे तिकीट काढून खाली उतरावं लागतं.

उतरलो. बाबा कठड्यापाशी बराच वेळ उभे राहिले. वास घेतला, पाण्याचा रंग बघितला, फेस आहे का ते बघितलं. मग म्हणाले, "प्रक्रिया कधीपासून करतात विचार." मी विचारून सांगितलं. "दोन हजार सात? नीट विचार, सत्त्याण्णव असेल." मी पुन्हा विचारलं. दोन हजार सातच.

बाहेर येऊन ते बाकावर बसले आणि त्यांनी मला ब्लोअरची गोष्ट सांगितली. माझं सगळं बालपण त्या नोकरीच्या पगारावर गेलं, पण ही गोष्ट त्यांनी घरात कधी काढली नव्हती.

मैलाशुद्धीकरणात खरं काम जिवाणू करतात. त्यांना हवा लागते. ती हवा ब्लोअर देतो, आणि केंद्राच्या विजेच्या बिलातला सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. वरून निरोप यायचा, बिल कमी करा. मग आधी रात्री ब्लोअर बंद. मग दुपारीही. टाकी काळी पडायची, वास सुटायचा, पाणी तसंच पुढे नदीत. आणि तपासणीला सॅम्पल घ्यायला येणार असले की आधी फोन यायचा. फोन आला की ब्लोअर चालू. एका दिवसात जिवाणू जीव धरत नाहीत, म्हणून बाबा आठवडाभर आधीच चालू करायला सांगायचे. सॅम्पल उत्तम. रिपोर्ट उत्तम. माणसं गेली की ब्लोअर बंद. बाबांनी लेखी दिलं होतं की हे बरोबर नाही. साहेब म्हणाले, "रिपोर्ट चांगला येतोय ना? मग तुम्हाला काय त्रास?"

ही गोष्ट ऐकल्यापासून मला युरोपातली प्रत्येक बातमी तिच्यातूनच दिसते.

हे बघा. अथेन्सजवळ थ्रियासियो म्हणून भाग आहे, एलेफसिनाच्या बाजूला. तिथलं सांडपाणी गोळाही होत नाही आणि शुद्धही होत नाही म्हणून २००४ मध्ये युरोपियन न्यायालयाने ग्रीसला दोषी ठरवलं. ग्रीसने केंद्र बांधलं. फोटो काढायला केंद्र तयार. पण पुरेशी घरं त्या केंद्राला जोडलेलीच नव्हती. २०१८ मध्ये पुन्हा न्यायालय, ५० लाख युरो दंड, शिवाय काम होईपर्यंत दर सहा महिन्यांना ३२ लाख ७६ हजार. बाबांना फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाले, "आमच्याकडेही असंच. केंद्राचं उद्घाटन होतं, नळ्यांचं कोण करतंय?" पळसाला पानं तीनच.

इंग्लंडचं तर ऐकून माझं डोकं फिरलं होतं. तिथे सांडपाण्याच्या कंपन्या १९८९ पासून खासगी आहेत, आणि ठरलेली बरीचशी सॅम्पलं कंपनीनेच घ्यायची. २०१९ मध्ये तिथल्या पाणी नियामकाने, ऑफवॉटने, सदर्न वॉटर ह्या कंपनीवर १२ कोटी ६० लाख पौंडांची कारवाई केली. कंपनीत काय चाललं होतं? सॅम्पल घ्यायच्या वेळी केंद्रातून पाणीच बाहेर पडू नये अशी व्यवस्था करायची. पाणी नाही म्हणजे सॅम्पल नाही, सॅम्पल नाही म्हणजे नापास नाही. आमच्या नगरपालिकेत ब्लोअर चालू करायचे, तिथे पाणी बंद करायचे. दोन वर्षांनी त्याच कंपनीला ६,९७१ बेकायदा विसर्गांसाठी ९ कोटी पौंडांचा दंड झाला, तेही २०१० ते २०१५ च्या काळातल्या. म्हणजे ज्या नदीत आणि ज्या समुद्रात ते गेलं, ते जाऊन सहा ते अकरा वर्षं झाल्यावर.

आणि ग्रुपवरचे म्हणतात, नियम म्हणजे नियम.

बरं, एक गोष्ट कबूल करते. इंग्लंडने २०२३ अखेर आपल्या सगळ्या ओव्हरफ्लोंवर, म्हणजे नळ्या भरल्या की सांडपाणी थेट नदीत सोडणाऱ्या तोंडांवर, मोजयंत्रं बसवली. २०२४ मध्ये तिथे सगळ्या तोंडांचे मिळून ३६ लाखांहून जास्त तास सांडपाणी वाहिलं हा आकडा त्यामुळेच आपल्याला कळतो. मोजलं म्हणून लाज वाटली. इथे ब्रसेल्समध्ये जोराचा पाऊस झाला की कॅनॉलमध्ये काय येतं ते मी सकाळी चालायला जाते तेव्हा डोळ्यांनी बघते. पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच नळीत असल्याने ते केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, वाटेतच बाहेर पडतं. वाइप्स तरंगतात. बदकं त्यातूनच पोहतात. २००७ मध्ये केंद्र झालं म्हणून सगळं संपलं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वळिवानंतर माझ्याबरोबर यावं.

आणि त्या २००७ च्या केंद्राचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण हे कुणालाच आठवत नाही. डिसेंबर २००९ मध्ये ते बंद पडलं. बंद पडलं म्हणजे बिघडलं नाही, बंद केलं. चालवणारी कंपनी आणि ब्रसेल्स प्रदेश यांच्यात वाद होता. दहाएक दिवस लाखो लोकांचं मैलापाणी थेट झेनमध्ये. खालच्या अंगाची गावं फ्लेमिश, म्हणजे ब्रसेल्सच्या कारभाराबाहेरची, पाणी त्यांच्या दारातून गेलं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "आणि कुणी आत गेलं?"

हाच माझा प्रश्न आहे. कुणी आत गेलं का?

युरोपातली पद्धत अशी. एखादा देश नियम पाळत नाही असं दिसलं की कमिशन आधी पत्र पाठवतं. देश उत्तर देतो. मग दुसरं, कडक पत्र. मग लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयात खटला. न्यायालय म्हणतं, दोषी. पण दंड नाही! सहसा पहिल्या निकालात दंड नसतो. मग पुन्हा वाट बघायची, पुन्हा पत्र, पुन्हा न्यायालय, आणि दुसऱ्या निकालात दंड. बेल्जियमची मुदत होती १९९८. दोषी ठरला २००४ मध्ये. दंड झाला २०१३ मध्ये. एक कोटी युरो, वर उरलेल्या गावांसाठी दर सहा महिन्यांना ८ लाख ५९ हजार ४०४. म्हणजे दिवसाला ४,७०० युरोच्या आसपास. सबंध देशाला! एक कोटी युरोत सांडपाण्याचं मोठं केंद्र उभं राहत नाही हे कुठल्याही ज्युनिअर इंजिनिअरला विचारा. न बांधणं स्वस्त पडत होतं, म्हणून बांधलं नाही. बिल वाचवायला ब्लोअर बंद ठेवायचे तो हिशोब आणि हा हिशोब एकच आहे, फक्त इथे तो सूट घालून करतात.

आणि दंडाचे पैसे कुठे जातात? नदीला नाही. ज्या गावाच्या विहिरीत घाण झिरपली त्या गावाला नाही. युरोपियन युनियनच्या बजेटात जातात. भरतो कोण? करदाता. म्हणजे मैलापाण्याच्या काठावर राहणाऱ्या माणसाने वास घ्यायचा, आजारी पडायचं आणि वर दंडही भरायचा. ज्या महापौराने, ज्या मंत्र्याने, ज्या संचालकाने फाइल दाबून ठेवली तो निवृत्त होऊन डोंगरात घर घेतो. मला ह्याची चीड येते. खरंच चीड येते. लिहितानाही हात थरथरतोय.

डोंगरावरून आठवलं. कुणाला वाटेल की हा सगळा गरीब दक्षिणेचा प्रकार आहे. सिसिली, ग्रीस वगैरे. मार्च २०२५ मध्ये इटलीला पुन्हा दंड झाला. एक कोटी युरो, आणि काम होईपर्यंत दर सहा महिन्यांना १ कोटी ३६ लाख ८७ हजार ५००. चार ठिकाणांसाठी. त्यातली तीन सिसिलीतली, आणि चौथं कूरमायर. मॉन्ट ब्लँकच्या पायथ्याचं स्कीइंगचं गाव! तिथल्या हॉटेलात एका रात्रीचं भाडं ऐकाल तर थक्क व्हाल. त्या गावाला पैसे नव्हते? आणि हा २०१४ चा निकाल न पाळल्याबद्दलचा दंड आहे, अकरा वर्षांनी. त्याआधी २०१८ मध्ये इटलीला अडीच कोटी युरो आणि दर सहा महिन्यांना तीन कोटी असा वेगळा दंड झालेला होताच. त्याच वर्षी स्पेनला १ कोटी २० लाख. हे सगळे प्रगत देश आहेत, इथे इंजिनिअर आहेत, पैसा आहे, नियम आहे. नाही ते एकच. वेळेवर मानगूट धरणारा.

थोडं पाणी प्यायले. पुन्हा वाचलं. जरा जास्तच तापून लिहिलंय, पण खोडत नाही.

मान्य करायचं ते मान्य करते. हे न्यायालय नसतं तर काहीच झालं नसतं. मिलान घ्या. फॅशनची राजधानी, इटलीतलं सगळ्यात श्रीमंत शहर, आणि एकविसावं शतक लागलं तरी सांडपाण्यावर प्रक्रिया नाही. सगळं खाली लांब्रो नदीकडे. २००२ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं, आणि २००३ मध्ये नोसेदोचं केंद्र सुरू झालं. आज तिथलं शुद्ध केलेलं पाणी शहराच्या दक्षिणेच्या शेतांना जातं. लंडनचंही तसंच. २०१२ मध्ये ह्याच न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरवलं. टेम्सखाली सांडपाण्याचा २५ किलोमीटरचा बोगदा झाला आणि २०२५ मध्ये पुरा जोडला गेला. तोवर ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलं होतं, तरी बोगदा अर्धवट सोडला नाही, हेही खरं. आणि झेनमध्ये मासे परत आलेत. मासे! बाबांना हे मी सगळ्यात आधी कळवलं होतं. ते म्हणाले, "बघ, हवा दिली की होतंच. जिवाणूंना जात-देश नसतो."

आणखी एक गोष्ट त्यांना इथली फार आवडली होती. १९९१ च्या नियमात लिहिलंय की सॅम्पल २४ तासांचं घ्यायचं, थोडं थोडं करत दिवसभर गोळा केलेलं, आणि ५० हजार वस्तीवरच्या केंद्रात वर्षाला २४ वेळा. "चोवीस तासांचं? आणि महिन्याला दोनदा? मग ब्लोअर बंद ठेवता येणार नाही," म्हणाले, आणि मग बराच वेळ मला समजावत बसले की आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात, इथे २० अंशांवर पाच दिवस. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता. आयुष्यभर ज्या कामासाठी त्यांना कुणी विचारलं नाही, त्या कामाचा कुणीतरी इतका नीट विचार केलाय, ह्याचा आनंद. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझे बाबा त्या टाकीवर प्रेम करत होते.

म्हणून मला हे नियम प्राणपणाने हवे आहेत. मी नियमांना नावं ठेवत नाही, ग्रुपवरच्यांनो. नियम पाळून न घेणाऱ्यांना ठेवते.

आता नवा नियम आलाय. नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झाला, १ जानेवारी २०२५ पासून लागू, आणि ३१ जुलै २०२७ पर्यंत प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात आणायचा. आता एक हजार वस्तीची गावंही त्यात येतील, जुन्यात दोन हजारांखालची सुटत होती. नियम मोडल्यामुळे कुणाची तब्येत बिघडली तर त्या माणसाला भरपाई मागायचा हक्क मिळणार आहे. हा एक मुद्दा मला बाकी सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. देशाने कमिशनला उत्तर द्यायचं आणि कमिशनने देशाला पत्र लिहायचं, ह्या खेळात काठावरचा माणूस कुठेच नव्हता. आता असेल. पण हा हक्क प्रत्येक देश आपल्या कायद्यात कसा लिहितो, पुरावा कुणी द्यायचा म्हणतो, त्यावर सगळं आहे. २०२७ च्या जुलैपर्यंत इथे बेल्जियममध्ये काय लिहितायत त्यावर लक्ष ठेवा. ज्यांना इथे मताचा हक्क आहे त्यांनी आपल्या कम्यूनला, म्हणजे इथल्या पालिकेला, आपल्या प्रतिनिधीला आत्ताच विचारा. २०२८ मध्ये विचारून उपयोग नाही.

आणि मोठ्या केंद्रांना आता चौथा टप्पा लावायचाय, औषधांचे आणि सौंदर्यप्रसाधनांचे अंश काढायला. टप्प्याटप्प्याने, २०४५ पर्यंत. ज्या बारा पदार्थांवर ते तपासणार आहेत त्यात डायक्लोफिनॅक आहे. ह्याच डायक्लोफिनॅकने आपली गिधाडं संपवली, जनावरांना टोचायचे आणि मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरायची. जनावरांसाठी बंदी आली ती २००६ मध्ये. त्या यादीत मेटोप्रोलॉलही आहे, बीपीची गोळी, जी बाबा रोज सकाळी घेतात. गोळी घेणं चूक नाही. पण ती पाण्यातून काढायचा खर्च कुणीतरी करायला हवा, आणि नियम म्हणतो की त्यातला किमान ८० टक्के औषधं आणि प्रसाधनं विकणाऱ्या कंपन्यांनी करायचा. नफा ज्यांचा, सफाई त्यांची. मला ह्यात न समजण्यासारखं काही दिसत नाही.

औषध उद्योग २०२५ मध्येच ह्याविरुद्ध न्यायालयात गेला. ह्या नियमाखाली तेव्हा एक युरो कुणी भरलेला नव्हता, आणि हे न्यायालयात!

माझ्या यादीत बेल्जियम, स्वित्झर्लंड, जर्मनीतल्या औषध कंपन्यांत काम करणारे निदान पाच-सहा जण आहात. चांगली माणसं आहात, मला माहीत आहे. मागे जेवायला जमलो होतो तेव्हा तुमच्यातल्याच एकाने सांगितलं की ह्या नियमामुळे स्वस्त जेनेरिक गोळ्या बाजारातून जातील, गरिबांचे हाल होतील. असेल, जेनेरिकवाल्यांची अडचण खरी असू शकते. पण बाकीच्यांचं काय? कुठली गोळी, किती सेंटने महाग होईल? कंपनीच्या वर्षाच्या नफ्यातले किती टक्के जातील? आकडे तुमच्याकडे आहेत. इथे खाली लिहा, मी प्रत्येक ओळ वाचेन आणि बाबांनाही वाचून दाखवेन.